करंजाच्या पाल्याचे एक पोते

माधवनगर, सांगली
रविवार, १९ जानेवारी २०२५

श्रीयुत जैनुद्दीन महोदय, मुक्काम वडूज, यांसी,

साष्टांग नव्हे, परंतु कटिप्रदेश अनुमती देईल तितका वाकून नमस्कार.

कारणावाचून पत्र लिहिणे शिष्टसंमत नाही, म्हणून एक कारण योजले आहे. मला करंजाच्या वाळलेल्या पाल्याचे एक पोते हवे आहे.

हे दूरध्वनीवरून विचारता आले असते. परंतु आपल्या यंत्राने माझ्या यंत्रास तीन वर्षांपूर्वी वाळीत टाकले, आणि यंत्रांच्या ज्ञातिपंचायतीत माझे वजन नाही. म्हणून भारतीय टपाल खाते. पाचवी ते दहावी आपण एका बाकावर बसलो. पुढे आपण कुपवाडात फाटके आणि जाळ्या जोडू लागलात, मी शाळेत धातूंना प्रत्यय जोडू लागलो. आपली जोडकामे अद्याप टिकून आहेत. माझी वार्षिक परीक्षेपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

आता पाल्याविषयी. माझ्या परसातील भूमी कृष्णवर्णी, चिकट आणि अत्यंत मानी आहे, हे आपण जाणता. उन्हाळ्यात तीवर मिठाची पांढरी साय येते आणि कुदळ मारली असता कुदळच क्षमा मागते. अशा चोपण जमिनीत उमेने मोगरा, गवती चहा, वांगी आणि तीन जातींचे गुलाब नांदवले, ते केवळ परसातील खड्ड्याच्या बळावर. त्या खड्ड्याचे विधान मला मुखोद्गत आहे. वीतभर पाल्याचा थर, त्यावर शेण कालवलेले गुळाचे पाणी, मग अनवाणी पायांनी तुडवणे, पुन्हा थर, शेवटी वर ओली गोणपाटे. वर्षाने तळातून चहाच्या भुकटीसारखे काळे, मोकळे खत निघे, आणि त्यास रानाचा वास येई.

तुडवण्याचे काम उमा आणि परवीनवहिनी करीत. हातांची तिढी घालून दोघी खड्ड्यात फुगडी धरीत. आपण झारी घेऊन काठावर उभे असा. वहिनींचा स्वर मला आजही ऐकू येतो: "आवं, पाल्यावर वता की! माझ्या पायावर काय वतताय, नवरी हाय व्हय मी?" मी खुर्चीवर बसून सूक्ते म्हणत असे. "आरं शास्त्री," आपण म्हणायचात, "पाला हाय त्यो, यज्ञाची समिधा न्हाई. ऊठ, टोपली धर."

त्या काळी पाला आपल्या कारखान्याच्या आवारातून येई. सतरा सालच्या पावसाळ्यात वहिनी गेल्या, आणि त्यानंतर पाला दुसरीकडून येऊ लागला. कोठून, ते आपण जाणता. मीही जाणतो. येथे लिहीत नाही.

उमाही आता नाही, हे आपणांस ठाऊक आहे. मागे उरलेला मी, खड्डा आणि मिठाची साय, असे आमचे त्रिदल कुटुंब आहे. फाल्गुनात करंज पाने टाकतो. तेव्हा एक पोते, त्याच करंजाचे, धाडावे. अन्य कोणत्याही झाडाचे चालणार नाही. का, ते विचारू नये.

आपला विनम्र,
मुकुल

ता. क. आपण केलेले फाटक उत्तम आहे. फक्त कडी वाजते. मी तिला तेल घातलेले नाही.


माधवनगर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय जैनुद्दीन,

उत्तर नाही. मौन हे संमतीचे लक्षण असल्याचे ऐकून आहे, परंतु संमतीबरोबर पोतेही येते असा माझा समज होता.

आज 'महोदय' सोडतो, कारण जे सांगायचे आहे ते महोदयांना सांगण्यासारखे नाही. तू हसशील. हस. तुझे हसू या घरात तीन वर्षांत कोणी ऐकलेले नाही.

माझी शाळा सकाळची असते. दुपारी मी घरी असतो आणि वह्या तपासण्याच्या निमित्ताने निद्रादेवीची उपासना करतो. मार्गशीर्षापासून बरोबर चार वाजता परसातून एक ध्वनी येतो. वाळक्या पाल्यावर पाऊल पडल्याचा. चर्र, थांब, चर्र. मी खिडकीतून पाहतो. खड्डा रिकामा. तळाशी ती मानी भूमी, तीवर भेगा. पान म्हणशील तर औषधालाही नाही.

मी तर्कनिष्ठ मनुष्य आहे. प्रथम मुंगसावर संशय घेतला. परंतु मुंगूस घड्याळ पाळत नाही. नंतर स्वतःच्या कानांवर घेतला. डॉक्टरांनी कानांत दिवा घालून पाहिले आणि म्हणाले, "सर, कान तरुण आहेत." अवयवांपैकी एकाने तरी निष्ठा राखली म्हणायची. तिसरा पर्याय मनाचा. तो मी अभ्यासासाठी राखून ठेवला.

मग मला वाटले, आवाज आहे आणि पाला नाही, ही तर शुद्ध गैरसोय झाली. ज्या कोणास तुडवायचे आहे त्यास तुडवण्यासाठी काही तरी असावे. आमच्या वसाहतीत रांगेने उभे असलेले उंच अशोक तू पाहिले आहेस. नाव अशोक, वृत्ती शिपायाची. त्यांचा पाला मी चार पोती गोळा केला. शेजारच्या ऋचाबाई गच्चीवरून म्हणाल्या, "सर, झाडलोटीवाले येत नाहीत का हल्ली?" मी म्हणालो, "येतात, परंतु मला वानप्रस्थाश्रमाची पूर्वतयारी करायची आहे." त्या आत गेल्या. पाला खड्ड्यात घातला, गुळाचे पाणी शिंपडले आणि धोतराचा काचा मारून स्वतः उतरलो. ती पाने चामड्याची असतात, जैनू. तिसऱ्या पावलास घसरलो आणि देहाचा जो भाग शिक्षक आयुष्यभर खुर्चीस अर्पण करतो, त्यावर आपटलो. तू असतास तर झारीचे उरलेले पाणी माझ्या मस्तकी ओतून "स्नान झालं, शास्त्री" म्हणाला असतास.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी दाराआड उभा राहिलो.

पावले आली. चार. पहिली दोन काठावरून, पुढची दोन पाल्यात. डावा पाय किंचित ओढत टाकलेला. आणि मग थांबली. परत गेली नाहीत. थांबली.

फुगडीला दोघी लागतात, हे माझ्यासारख्या वैयाकरणाच्या ध्यानात यायला तीन दिवस गेले. कोणी तरी मधोमध येऊन उभे राहते आणि समोरच्याच्या हातांची वाट पाहते. पान हलत नाही. ही शांतता आवाजापेक्षा वाईट आहे. पंधरा मिनिटांनी मी खोकलो, आणि ते जे काही होते ते संपले.

रोज असेच होते. रोज चार पावले. मी आता चारच्या सुमारास वाचनालयात जाऊन बसतो. तेथे माझ्या वयाचे पुष्कळ भित्रे लोक येतात.

उमेचा डावा पाय शेवटच्या वर्षात असाच ओढला जाई. मी फक्त नमूद करतो. निष्कर्ष काढीत नाही.

पोते पाठव. त्या करंजाचे.

तुझा,
मुकुल


माधवनगर
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

जैनू,

आज बावीस सालचा फेब्रुवारी लिहायचा आहे. तू तेथे होतास, म्हणून वर्णनाची आवश्यकता नाही. परंतु त्या दिवसाविषयी माझ्या मुखातून तू एक शब्द ऐकलेला नाहीस, म्हणून आहे.

उमा मिरजेस रुग्णालयात होती. गाठीचे निदान आदल्या दिवशी झाले होते. स्वयंपाकास वाईहून दुर्गामावशी आल्या होत्या, पथ्य आणि पावित्र्य या दोन्ही खात्यांच्या मंत्री. मी कपडे नेण्यासाठी घरी आलो आणि तेवढ्यात तू त्या वर्षीचा पाला घेऊन आलास. पोते खड्ड्यापाशी ओतलेस. मावशी चहा घेऊन आल्या. पाल्यात त्यांस गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या दिसल्या, उदबत्तीची थोटके दिसली, आणि हिरव्या कापडाची एक जरीची पट्टी.

"हे रे कुठलं?" त्यांनी तुला विचारले.

तू खोटे बोलू शकला असतास. सांगलीत करंज थोडे नाहीत. पण तू ओंजळीत पाला घेऊन, एखाद्या लहान मुलीस समजवावे तसे त्यांस सांगितलेस: "आवं मावशी, आमच्या कब्रस्तानातला हाय. हिरवं एक पान तोडत न्हाई मी. ओली पानं तस्बी करत असत्यात, वरच्याचं नाव घेत असत्यात. वाळून पडली की त्यास्नी सुट्टी. मी सुट्टीवरची तेवढी आणतो."

त्या क्षणापर्यंत मला हे ठाऊक नव्हते. चार वर्षे तो पाला माझ्या अंगणात येत होता आणि मी त्यास 'तपोवनातील प्रसाद' म्हणत होतो.

मावशींनी चहाची बशी खाली ठेवली. "स्मशानातलं? घरात? आणि पोर तिकडे मरणाच्या दारात!" असे म्हणून त्यांनी तुला सर्व खत उचलून परत नेण्यास सांगितले.

वरील वाक्याचा उत्तरार्ध असत्य आहे. शाईने लिहिला आहे, म्हणून खोडत नाही. राहू दे तेथे. माझ्या कुळाचे हे हस्ताक्षर आहे.

मावशींनी फक्त प्रश्न केला. उचलण्यास मी सांगितले. आणि आयुष्यभर पाणी हवे असता 'जल' मागणारा मी, त्या दिवशी म्हणालो, "उचल. सगळं उचल."

तू ओंजळीतला पाला खाली ठेवलास. मग म्हणालास, "आज संस्कृत न्हाई, शास्त्री?"

तू सदरा काढून फाटकाला अडकवलास आणि खड्ड्यात उतरलास. चार वर्षांचे खत तू उपसलेस. त्यानंतर वाफे. गुलाबांच्या मुळांशी फावडे लागू नये म्हणून हातांनी काढलेस. अकरा पोती झाली. शेवटी मोगऱ्यापाशी बसून तू विचारलेस, "ह्याच्या बुडातलं ऱ्हाऊ दे का? फुलावर आलाय त्यो."

मी म्हणालो, "सगळं."

जाताना तू नळावर पाय धुतलेस. माझ्या घरातून जाताना तू पाय धुतलेस, जैनू. हे दृश्य मला कोणत्याही पावलांहून अधिक छळते.

एवढ्यावर थांबता आले असते, तर मी केवळ भ्याड ठरलो असतो. परंतु चौथ्या दिवशी उमा घरी आली. काठी टेकत परसात गेली आणि रिकाम्या खड्ड्यापाशी उभी राहिली. "जैनूभाऊ येऊन गेले?" तिने विचारले.

मी म्हणालो, "हो. त्याला कुठे तरी द्यायचं होतं ते खत. घेऊन गेला सगळं."

तिने मान हलवली. बस्स, इतकेच.

त्यानंतर ती एक वर्ष आणि आठ महिने जगली. रोज चार वाजता परसातील पायरीवर बसे आणि विचारी, "फाटक वाजलं का हो?" मी म्हणे, "नाही." ते वाजत नसेच. मी खरे बोलत असे. प्रतिदिनी एक सत्य वचन, खालच्या त्या एका असत्यावर रचलेले.

तू तिच्या अंत्ययात्रेस आला होतास. आमच्या रस्त्याच्या टोकाशी कडुनिंबाखाली उभा होतास, डोक्यावर रुमाल. मी पाहिले. मी हात वर केला असता तर तू आला असतास, खांदा दिला असतास. मी तिरडीच्या सुतळीची गाठ नीट बसली आहे की नाही ते पाहू लागलो. गाठ उत्तम होती.

तू आपणहून आम्हांस सोडलेस असा समज घेऊन ती गेली. तो समज मी दिला. आता तिला ते सांगायचे कसे, हे कोणत्याही व्याकरणात नाही.

मुकुल


माधवनगर
रविवार, १६ मार्च २०२५

जैनू,

काल साताऱ्यास गेलो होतो. तुझ्या लेकीकडे, अर्फाकडे.

बसमध्ये मी भाषणाची तयारी केली होती. 'आयुष्मती' या संबोधनाने आरंभ होणार होता. तिने दार उघडले, आणि मला त्या संबोधनाचा पहिला वर्णही आठवला नाही. पोर केवढी मोठी झाली! शाळेत शिकवून नुकतीच आली होती, खांद्यावर पिशवी तशीच. "आवं काका!" म्हणाली, "वाळलाय किती! बसा, चहा टाकते."

रोजे चालू आहेत हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "तुझा उपवास असता मी चहा..."

"माझा रोजा हाय, तुमचा न्हाई. बसा म्हणते न्हवं."

तिने पाण्याचा थेंब न घेता माझ्यासाठी आले ठेचले. मी कप दोन्ही हातांत धरून बसलो.

विचारले, "अब्बांना पत्रे मिळतात?"

"मिळत्यात की. तीन आली. मोठ्यानं वाचत्यात. मग मला फोन लावत्यात, 'कटिप्रदेश म्हंजे काय गं?' म्हणून."

"आणि मग?"

ती चहाच्या गाळण्याकडे पाहत म्हणाली, "मग म्हणत्यात, 'अजून सोंग चाललंय त्याचं.' शेवटच्या पत्राला मात्र कायबी बोलले न्हाईत. घडी करून उशीखाली ठेवलं."

मी म्हणालो, मला तो पाला कोठला ते माहीत नव्हते. माहीत असते तर निदान तसे बोललो नसतो. हे असत्य होते. माहीत असते तर पहिल्याच वर्षी बोललो असतो, कदाचित अधिक शुद्ध भाषेत.

"काका," ती म्हणाली, "त्यो करंज कुठला, त्ये तरी म्हाईत हाय का तुमाला?"

मी म्हणालो, कब्रस्तानातला.

"अम्मीच्या उशाचा."

मग तिने जे सांगितले ते तू जाणतोस. मी जाणत नव्हतो, म्हणून लिहितो. लिहिल्यावाचून मला काही कळत नाही. वहिनींच्या चाळिसाव्याला उमा तुझ्या घरी आली होती. तुमच्या घरच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. अर्फा तेव्हा सोळा वर्षांची होती, आईला तिकडे नेल्यापासून तिने तिची जागा पाहिली नव्हती. उमेने तुला सांगितले, "भाऊ, मला आणि हिला तिथे जाता येत नाही. तर तिथलं काही तरी आमच्याकडे येऊ दे." ते मागणे उमेचे होते. पाला तिने मागितला होता.

"मी चार वाजता तुमच्याकडं यायची," अर्फा म्हणाली, "आणि काकू माझं हात धरून खड्ड्यात घ्यायच्या. आमी दोघी तुडवायचो. कवा रडायचो, कवा फुगडी. काकू म्हणायच्या, 'जोरात गं, परवीनला कळलं पाहिजे आपण आलोय.' लोकं कबरीवर जात्यात, मी तुमच्या खड्ड्यात जायची."

मी तिला त्या वर्षांत चार वाजता येताना पाहिले होते, जैनू. प्रत्येक वेळी पाहिले. मला वाटे ती माझे शब्दरूपांचे पाठ ऐकायला येते. मी खिडकीतून तिला 'नदी' हा शब्द चालवायला लावत असे, आणि ती पोर, पाय खतात, हात उमेच्या हातांत, डोळे पुशीत तो चालवी. विभक्ती सातही अचूक.

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "तुझ्या काकूला मी सांगितलं होतं की अब्बांनी स्वतःहून नेलं. ती तसंच समजून गेली."

अर्फाने माझ्याकडे पाहिले. दया होती त्या पाहण्यात. मी शिव्यांची तयारी केली होती.

"काकूंस्नी समदं म्हाईत होतं," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात त्यांनी अब्बांना फोन केला. अब्बांनी न्हाई सांगितलं, रडाय लागले, तवा काकू समजल्या. अब्बा म्हणाले, मी येतो, पाला परत आणतो. काकूच न्हाई म्हणल्या. 'ह्यांनी घालवलंय, ह्यांनीच बोलवू दे. मी बोलवणार नाही आणि तुम्ही यायचं नाही. ह्यांच्या तोंडून आलं पाहिजे.'"

मग काय झाले ते मला सांगता येत नाही. अर्फाने पंखा लावला आणि दार अर्धे उघडे ठेवले.

साताऱ्याहून परतताना बस कोठे थांबली, कोठे नाही, काही आठवत नाही. मी हिशेब करत नव्हतो, पण आठवण करत होतो. "फाटक वाजलं का हो?" एक वर्ष आठ महिने. ती फाटकाविषयी विचारत नव्हती. ती मला दार उघडून देत होती, रोज चार वाजता, आणि मी रोज म्हणत होतो, "नाही."

आता ती तेथे मधोमध उभी राहून कोणाचे हात मागते, हा प्रश्न मला पडला होता. कदाचित कोणाचेच नाही. कदाचित ती अजूनही तेच विचारते आहे.

जैनू, मी तिला खोटं सांगितलं. तुला घालवलं ते मी. मावशी नाही, आजार नाही, मी. परवीनवहिनींच्या उशाचा पाला मी विटाळ म्हणून घराबाहेर काढला, आणि अर्फाची जागा उपसली.

पोतं नको. तू ये.

मुकुल


माधवनगर
बुधवार, २ एप्रिल २०२५

जैनू,

परवा तुझी ईद झाली. काल दुपारी फाटक वाजलं.

मी आत वह्या तपासत होतो. कडी वाजली, मी ऐकली, आणि उठलो नाही. मला वाटलं, झालं, आता फाटकही सुरू झालं. पावलं काय कमी होती! दोन वह्या तपासल्या. मग उठलो. फाटकाच्या आतल्या बाजूला पोतं उभं होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. ऋचाबाई गच्चीवरून म्हणाल्या, "आत्ताच गेले हो, पांढरा सदरा होता, बराच वेळ उभे होते."

बराच वेळ.

खड्ड्यातली अशोकाची पानं मी काढून टाकली. पोतं ओट्यावर ओतलं आणि एकेक ओंजळ चाळली. हिरवं पान शोधत होतो. एक नव्हतं, जैनू. पोतंभर पाल्यात एक हिरवं पान नव्हतं. वडुजाहून येऊन, या उन्हात, या वयात, तू वाकून एकेक वेचलंस.

तळाशी फडक्यात बांधलेलं ते खत होतं. जुनं. काळं, मोकळं, विरजणाएवढं. वास घेतला. अर्फा म्हणाली होती की अकरा पोती तू वडुजाच्या माळावर अंगणात पसरलीस आणि त्यात मोगरा लावलास. त्यातलंच ना? मी ते आधी खड्ड्याच्या तळाशी घातलं, दह्याला लावतात तसं. वर पाला. वर गुळाचं पाणी. तुडवलं नाही. तो माझा अधिकार नाही, आणि मला येतही नाही.

चार वाजता मी वाचनालयात गेलो नाही. ओट्यावर बसलो. पाठ खड्ड्याकडे करून बसलो, कारण बघण्याचं धाडस नाही. पावलं आली. काठावर दोन, पाल्यात दोन. थांबली.

मी मोठ्यानं म्हणालो, "वाजलं गं. आज वाजलं. मी खोटं बोललो होतो, त्याला मी घालवलं होतं."

बराच वेळ काही नाही. मग पाला वाजायला लागला. चर्र, चर्र, चर्र. थांबला नाही. किती पायांचा आवाज होता ते मी मोजलं नाही.

सकाळी पाला वीतभर खाली बसला होता. गुळाचं पाणी मुरलं असेल. तसं बसतोच तो.

अर्फा रविवारी येते म्हणाली, तुडवायला. एकटीनं फुगडी होत नाही, आणि मी घसरतो हे तुला लिहिलंच आहे. झारी भरून ठेवतो.

फाटकाला तेल घातलेलं नाही. वाजलं की या वेळी उठेन.

मुकुल